रंगाचा दुसरा हात

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते ती आपली आपली येत नाही. तिला घ्यायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. माझी फुई, म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची धाकटी बहीण, साक्रीच्या अलीकडे एका खेड्यात दिलेली. वर्षानुवर्षं आबाच तिचे मुराळी. धुळ्याहून स्कूटर काढायची, पांझरा नदीला पाणी दिसेल तिथे गाडी धुवायची, स्वतःचं तोंड धुवायचं आणि मगच तिच्या दारात जायचं. सासरचे लोक आपल्यावरून तिचं माहेर जोखतात, असं ते म्हणायचे.

मागच्या आखाजीला ते गेले नाहीत. त्यांना दम लागायचा, आणि स्कूटरचा सायलेन्सर गंजून खालून फाटला होता. एसटी फाट्यावर सोडते. तिथून गाव बरंच आत, आणि तेवढं चालणं आबांच्या छातीला झेपणारं नव्हतं. फुईही आली नाही. तिची पोरं म्हणाली, आम्ही सोडून येतो. तर ती म्हणाली, माझा भाऊ आहे ना अजून. मग वर्षभर दोघं फोनवर एकमेकांची तब्येत विचारत राहिले. आखाजीचं नाव कोणी काढलं नाही.

यंदा मी ठरवलं, काही झालं तरी आबांना स्कूटरवर मागे बसवून फुईच्या दारात नेऊन उभं करायचं. येताना त्या दोघांना एकेक करून फाट्यावर आणून एसटीत बसवून द्यायचं. मी जळगावला डाळमिलमध्ये कामाला, सुट्टी फक्त रविवारची. नवा सायलेन्सर माझ्या पगारात बसत नव्हता, भाड्याची गाडी तर त्याहून नाही. मग जुन्याचीच डागडुजी. पहिल्या रविवारी नटांवर डिझेल सोडून ते भिजवले, तरी एक तुटलाच. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून आबा कॉटवर पडल्या पडल्या हसले. अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, त्यात सायलेन्सर टाकून आतली काजळी जाळली, ठोकून ठोकून काळा भुगा बाहेर काढला. तारेच्या ब्रशने गंज घासताना बोटं सोलून निघाली. दुसऱ्या रविवारी वेल्डरने भोकावर पत्रा लावून दिला. घरी आणून बसवला. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

आवाज ऐकून आबा बाहेर आले. बघतो तर डोक्यावर टोपी, पायात चपला.

"चाल, आजच जाऊत," ते म्हणाले. "आखाजी दर साल येस."

आणि मी शहाणा! मी म्हटलं, वेल्डिंगचे टाके कसे ओबडधोबड दिसतायत बघा, फुईच्या सासरचे ओसरीवर बसलेले असतात, ते काय म्हणतील? शिवाय मुराळी कधी इतका आधी जातो का? दोन रविवारांत रंगाचे दोन हात देऊ आणि आखाजीच्या आदल्या दिवशी रजा काढून थाटात जाऊ. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. तुझं खरं आहे म्हणाले, टोपी काढली आणि जाऊन पडले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. गाडी चालू होती. माणूस टोपी घालून उभा होता. अजून काय हवं होतं मला?

तिसऱ्या रविवारी सायलेन्सर परत काढला, गरमीत न जळणारा काळा रंग आणून पहिला हात दिला आणि जळगावला गेलो. बुधवारी सकाळी आईचा फोन आला. आबा चहा पिता पिता गेले होते.

फुई दुपारी आली, गावातल्या कुणाच्या तरी जीपमधून. उंबऱ्याशी थांबली. बायका हात धरून आत नेत होत्या, तर तिने हात सोडवून घेतला आणि खाली निजवलेल्या आबांकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मी आपली आपली उनू रे भाऊ. तू लेवाले उना नही."

भावाने घ्यायला न जाता ती पहिल्यांदाच आली होती. सगळं घर रडलं. मला फुईकडे बघवेना, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

तेराव्यानंतर तिला पोचवायला मीच निघालो. रंगाचा दुसरा हात दिलाच नाही, सायलेन्सर तसाच बसवला. वाटभर फुई माझ्या खांद्याला धरून बसली होती. फाट्यावरून आत वळलो तेव्हा तिने विचारलं, गाडी कधी नीट झाली? तो असताना झाली असती तर मला घ्यायला आलाच असता, नाही का?

मी म्हटलं, "हो फुई. परवाच झाली."