ओ न दिलेल्या तीन हाका

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं लाल गाडीत कंडक्टर होतो. गडचिरोली ते चंद्रपूर, चंद्रपूर ते गडचिरोली. ‘पुढं सरका, पुढं जागा आहे’ हे मी झोपेतही म्हणायचो, असं बायको सांगते. आवाजासोबत रागही आलाच. मला राग चढायला कारण लागत नाही, उतरायला मात्र दिवस लागतो.

रिटायर झालो आणि तो सगळा राग घरी आला. घरात ऐकणारी एकटी बायको. भाजीत मीठ जास्त झालं की माझं डोकं सटकायचं, पंखा हळू फिरला तरी सटकायचं. एक दिवस ओरडता ओरडता नाकातून रक्त आलं. गडचिरोलीच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळून बीपी बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाला, “काका, गोळी देतो, पण गोळीनं अर्धंच काम होईल. रोज सकाळी चाला. झाडाझुडपांतून चाला. डोकं शांत ठेवा.”

झाडाझुडपांतून म्हणे! आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढं. गावाच्या मागं धानाच्या बांधी, म्हणजे भाताची खाचरं, आणि शेवटच्या बांधीचा धुरा, तो मातीचा बांध, संपला की जंगल सुरू. त्या जंगलात काय फिरतं ते डॉक्टरला कोण सांगणार? आमच्याकडं सकाळी गेलेला माणूस दुपारी जेवायला आला नाही तर घरचे आधी भांडी झाकून ठेवत नाहीत, आधी चार माणसं गोळा करतात.

बायको वैनगंगेपलीकडची, जंगलातच लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, “चाला. पण एकटं नाई जायचं. मीबी येते. आन् माझ्या दोन गोष्टी आयकाच्या.”

पहिली गोष्ट हाकेची. जंगलात दोघं दहा पावलं जरी लांब झाले तरी थोड्या थोड्या वेळानं एकानं ‘कूऽऽ’ करायचं आणि दुसऱ्यानं ‘होऽऽ’ म्हणून ओ द्यायची. माणूस दिसत नसला तरी आहे, एवढं कळतं. जनावरालाही कळतं, की इथं एक नाही, दोन आहेत. दुसरी गोष्ट वाकण्याची. एकानं वाकायचं असेल तर दुसऱ्यानं उभं राहायचं. वाकलेला, बसलेला माणूस लांबून माणसासारखा दिसत नाही. तो दिसतो चरणाऱ्या जनावरासारखा.

“आन् हाक आली का ओ द्यायचीच,” ती म्हणाली. “तोंडात घास असला तरी. भांडण असलं तरी.”

“हो बाई हो,” मी म्हणालो. “तू कंडक्टर, मी प्रवासी.”

पोळा झाल्यावर आम्ही सुरुवात केली. धुऱ्यावरून चालायचं, दोन्हीकडं गुडघ्याएवढं धान, पायात चिखल. ती पुढं, मी मागं. पहिले आठ दिवस माझी अशी टरकली होती की मी काही बघितलंच नाही. गवत हललं की मी थांबायचो. बेडकानं उडी मारली तरी छातीत धस्स व्हायचं. बायको हसायची. “एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस आन् बेडकाले भेतो!”

पण त्या भीतीनं एक काम केलं. जंगलात रागावायला फुरसत नसते. कान सारखे बाहेर लागलेले असतात. तीस वर्षं मी फक्त स्वतःचाच आवाज ऐकला होता, आता पहिल्यांदा दुसरं काही ऐकायला लागलो. हलकं धान निसवलं, लोंब्या आल्या तेव्हा त्यावरून वारा गेला की कसा आवाज येतो, आणि कापणीच्या वेळी वाळलेल्या धानातून गेला की कसा, हा फरक मला साठीनंतर कळला. थंडीत बोडीवर, आमच्या छोट्या तळ्यावर, धुकं असायचं. पाणी दिसायचं नाही, नुसती बदकांची कुजबुज यायची. आम्ही पाळीवर उभे राहायचो आणि तोंडातून वाफ काढत काहीच बोलायचो नाही. धान कापून गंजीसारखे पुंजणे रचले गेले, मग चुरणे, म्हणजे मळणी झाली, बांधी उघड्या पडल्या. जानेवारीत डॉक्टरनं पट्टा आवळला आणि म्हणाला, “काका, काय खाता हो हल्ली?” मी म्हटलं, “बायकोची बोलणी.” तो हसला. मला मात्र खरंच बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

फागुनात पळस पेटला, सागाची पानं झडली. वाळल्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. हाका आता लांब जायच्या, कारण मध्ये पाला नव्हता. ती झाडाआड गेली की ‘कूऽऽ’, मी ‘होऽऽ’. आम्ही घरात जेवढं बोलत नसू तेवढं तिथं बोलत होतो, आणि त्यात शब्द एकही नसायचा.

मग मोह पडायला लागला.

आमच्या बांधीच्या टोकाला जंगलात थोडं आत एक मोहाचं झाड आहे. आमच्या वाट्याचं. उजाडल्यावर टोपली घेऊन जायचं, खाली पडलेली फुलं वेचायची. ती वाकायची, मी काठी घेऊन जंगलाकडं तोंड करून उभा राहायचो. पण पालापाचोळा इतका, की त्यात फुलं सापडत नाहीत. लोक काय करतात? झाडाखाली काडी लावतात. पाला जळतो, जमीन साफ होते, दुसऱ्या दिवशी फुलं चटाचट दिसतात. आमची ही तसं करत नाही. ती खराट्यानं झाडते. रोज. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी उभा.

त्या सकाळी उन्हाची धग लवकर आली होती. उभं राहून माझे पाय दुखत होते. मी म्हणालो, “बस झालं झाडणं. एक काडी लावतो, पाच मिनिटांत मोकळं.”

“नाई. आग कुठी जाईल सांगता येते का? लहान लहान रोपं आयत खाली.”

“सारं गाव लावते.”

“लावू द्या गावाले.”

मी खिशातून काडेपेटी काढली. तिनं खराट्यानंच माझा हात उडवला. काडेपेटी पाल्यात पडली. आणि वर हसून म्हणाली, “दोन घंट्या मारल्या का गाडी सुटली, असं जंगलात नाई होत, कंडक्टर.”

बस. सटकली माझी. साधी थट्टा होती, रोजचीच. पण मला तो खराट्याचा फटका झोंबला. “तू मले शिकवतं काय बे?” असं बायकोला म्हणालो. बायकोला ‘बे’ म्हणालो. काठी उचलली आणि नाल्याकडं चालू लागलो.

“उभं कोण राहीन?” ती मागून म्हणाली.

“खराटा राहीन उभा!”

नाला तिथून दोनेकशे पावलांवर. मध्ये करवंदीची आणि बांबूची दाट झुडपं. मी नाल्याच्या या काठावर खडकावर जाऊन बसलो. एकटाच, बसलेला, पाठ जंगलाकडं. तिच्या दोन्ही गोष्टी एकदम मोडून. रागात होतो, कान बंद होते.

थोड्या वेळानं हाक आली. “कूऽऽ.”

ऐकली मी. स्पष्ट ऐकली. तोंड उघडलंही होतं. पण म्हटलं, राहू दे. कळू दे जरा. खराट्यानं मारते काय!

दुसरी हाक आली. जरा उंच, जरा लांबलेली. मी नाल्याच्या वाळूत काठीनं रेघा ओढत बसलो. सांगायला लाज वाटते, पण मला मजा येत होती.

तिसरी हाक आली. आता ती हाक नव्हती, आवाज फाटला होता. मी ठरवलं, चौथी आली की ओ द्यायची. फार झालं.

चौथी आलीच नाही.

मी वाट बघितली. वाळूतली रेघ तशीच राहिली. आणि मग माझ्या कानांनी आपणहून काम सुरू केलं. पाखरं गप्प होती. कधीपासून गप्प होती कोण जाणे. झुडपांच्या बाजूला एका झाडाच्या शेंड्यावरून वांदर खाकरलं. एकदा, मग पुन्हा. वांदर तसं खाकरतं ते कशाला, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही विचारावं लागत नाही.

मी उठून ओरडलो, “कूऽऽ!”

काही नाही.

पुन्हा ओरडलो. काही नाही. क्षणभर वाटलं, ही आता मला धडा शिकवते आहे. देवा, तसंच असू दे, म्हटलं. दिवसभर शिकवू दे. मग मी पळत सुटलो. झुडपांना वळसा घालून झाडाकडं आलो. झाडाखाली टोपली होती. अर्ध्या भागातला पाला झाडून एका बाजूला केलेला. मोकळ्या मातीवर पिवळी फुलं. ती नव्हती. खराटाही नव्हता.

मी ओरडलो, पण काय सांगू, तीस वर्षं भरलेली गाडी ज्या आवाजानं हलवली तो आवाज घशातून निघेना. नुसती हवा आली. मातीत तिच्या पायांचे ठसे दिसले. ते गावाकडं जात नव्हते. ते नाल्याकडं जात होते. मी ज्या वाटेनं गेलो होतो त्याच वाटेनं.

मी झुडपांत शिरलो. वीसेक पावलं गेलो असेन, आणि ती दिसली. बांबूच्या बेटाला पाठ लावून ताठ उभी. खराटा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, जेवढं उंच दिसता येईल तेवढं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती समोर बघत होती. मी तिकडं बघितलं, आणि जांभळीच्या सावलीत वाघ बसलेला दिसला. तिच्यापासून एका गाडीच्या लांबीएवढा लांब. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

ती ओ कशी देणार होती?

माझा पाय पानांवर पडला. त्यानं मान माझ्याकडं वळवली. त्याची नजर माझ्यावर आली. त्याच वेळी ती ओरडली. “होऽऽ!” मी मारलेल्या हाकेची ओ तिनं आता दिली. त्यानं मान तिच्याकडं फिरवली. आता माझी पाळी होती, हे मला कळलं, आणि तोंडातून जे निघालं ते निघालं. “पुढं सरका! पुढं जागा आहे! चला, पुढं चला!”

हसू नका. मला दुसरं काही आलंच नाही.

ती “होऽऽ”, मी “पुढं चला”. ती “होऽऽ”, मी “पुढं चला”. किती वेळ, मला माहीत नाही. तो उठला. आमच्या दोघांमधल्या मोकळ्या जागेकडं एकदा बघितलं, जसं काही कंटाळा आला आहे, आणि नाल्यात उतरून पलीकडं निघून गेला. आम्ही तरीही ओरडतच होतो.

परत येताना तिनं टोपली उचलली. काडेपेटी पाल्यातून शोधून माझ्या हातात दिली. धुऱ्यावर आल्यावर तिनं विचारलं, “मी हाका मारल्या. तुमाले आयकू नाई आल्या का?”

नाही म्हणता आलं असतं. वारा होता, झुडपं दाट होती, कुणालाही पटलं असतं.

“आल्या,” मी म्हणालो. “तिनीही आल्या.”

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. मग “बरं” म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती गावातल्या बायांसोबत मोह वेचायला जायला लागली. घरात जेवायला वाढायची, गोळी हातावर ठेवायची, बोलायचीही. पण माझ्यासोबत चालायला आली नाही. मी त्या बायांच्या मागं लांबून जायचो. मध्येच ‘कूऽऽ’ करायचो. दुसऱ्याच कोणी बाया हसून ओ द्यायच्या. तिची कधी आली नाही. मोह संपला, तेंदूची पानं तोडून झाली, उन्हानं बोडी तळाला गेली. डॉक्टर म्हणाला, बीपी पुन्हा वर गेलं. मी म्हटलं, जाऊ द्या. माझ्या चुकीला कुठली गोळी आहे?

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली. एका सकाळी पाऊस थांबलेला होता, मी एकटाच धुऱ्यावरून चाललो होतो. बांधीत रोवणाऱ्या बाया वाकलेल्या, त्यांत तीही. मी जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो, जंगलाकडं तोंड करून, काठी घेऊन. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत उभा होतो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पाठीमागून, चिखलातून, आवाज आला. “कूऽऽ.”

“होऽऽ!” मी एवढ्या जोरात ओ दिली की बांधीतल्या साऱ्या बाया कंबर सरळ करून बघायला लागल्या.

संध्याकाळी सोबत घरी येताना मी तिला विचारलं. तीन महिने मनात होतं ते विचारलं. “झाड सोडून तू नाल्याकडं काऊन आली? ओ आली नाई तर गावाकडं पळायचं ना!”

“मले वाटलं, न्हेलं तुमाले.”

“मंग तर अजूनच पळायचं. चार माणसं आणायची.”

ती पायातला चिखल धुऱ्याच्या कडेला पुसत होती. “माणसं येईपर्यंत,” ती म्हणाली, “तुमी तिथी एकटेच पडून राह्यले असते ना.”

ती पुढं झाली. वळणावरच्या झुडपाआड दिसेनाशी झाली, आणि तिथून तिनं हाक मारली. मी ओ दिली.