वरणाच्या गंजातले पिस्टन

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पिस्टन उकळणारी बाई एकच असेल, आणि ती माझी नणंद आहे, हे मी कुठेही, कोणासमोरही पदर खोचून सांगायला तयार आहे. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. आंजीच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कोणी विचारलं की त्या अगदी सरळ चेहऱ्याने सांगतात, "पाहाले आलेल्या एकाही पोराले इंजिनातलं टॅपेट कायले म्हनतात ते सांगता नाई आलं." सासूबाई म्हणतात की हे खोटं आहे. एकाला सांगता आलं होतं, पण तो ज्या मोटरसायकलवर बसून आला होता ती निळा धूर सोडत होती, आणि ताईंनी तो धूर खिडकीतूनच पाहिला होता.

सकाळची बुद्धवंदना झाली की घरातले बाकीचे लोक चहाकडे वळतात, ताई गाडीच्या बॉनेटकडे. इतिहासाच्या पुस्तकातही त्यांना इंजिनच दिसतं. पानिपतात रसद तुटली म्हणजे नक्की काय झालं, हे त्यांनी मुलांना पेट्रोलची नळी तुंबल्याचा दाखला देऊन शिकवलं, आणि त्या प्रश्नाला वर्गातल्या एकजात सगळ्या पोट्ट्यांना पूर्ण मार्क पडले. लग्नकार्यात तर त्यांना मंडपात बसवणं कठीण. पुलगावला आमच्या नात्यातल्या एका मुलीचा मंगल परिणय होता. वधूवरांवर फुलं पडत होती आणि ताई बाहेर वराच्या सजवलेल्या गाडीखाली वाकलेल्या. नव्या पैठणीला काळा डाग लावून त्या उठल्या आणि मुलाच्या वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, ऑइल गळून राह्यलं. सुनेले घेऊन जाल, पन रस्त्यातच उभे राहाल." त्यांनी ते हसण्यावारी नेलं. देवळीच्या अलीकडे गाडी उभी राहिली ती राहिलीच. शेवटी मागून येणाऱ्या ताईंनी नवरीला आपल्या लाल गाडीत घेतलं आणि अशा वेगाने सासरी पोचवलं, की ती पोरगी अजूनही माहेरी जायचं म्हटलं की आधी विचारते, "ताई न्यायले येनार नाई ना?"

ती लाल गाडी म्हणजे ताईंचा संसार. दिसायला कोणत्याही मास्तरणीची असावी तशी छोटी, जुनी, मागच्या काचेवर शाळेचं स्टिकर लावलेली. पण बॉनेटखाली ताईंनी तिला टर्बो बसवलेला, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. त्यामुळे ही गरीब गाय वेळ आली की बैलासारखी धावते. दर हिवाळ्यात नागपूरच्या बाहेर मातीच्या मैदानावर गाड्यांच्या शर्यती होतात. तिथे सगळी पंचविशीतली पोरं, आणि त्यांच्यात डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली चष्मा लावलेल्या आमच्या ताई.

एका वर्षीच्या शर्यतीत मात्र घात झाला. उजव्या वळणावर गाडीतून धुराचा लोट निघाला आणि ताई मैदानाच्या कडेला थांबल्या. इंजिनाच्या आत वर-खाली करणारा, उपड्या पेल्यासारखा दिसतो तो पिस्टन. गाडीत असे चार, त्यांतल्या एकाची वरची कड तुटून पडली होती. गाडी छोट्या ट्रकवर चढवून नालवाडीत आमच्या घरी आणली, तेव्हा गल्लीतले लोक मयताला यावेत तसे आले. बायका ताईंच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि लोक गेल्यावर निकाल सुनावला, "पुढच्या टायमाले एकडाव पाहातो. तवाही फुटलं, तं गाडी विकाची. मंग मले कोनी काही म्हनाचं नाई."

ताईंनी मान हलवली. त्यांनी आईचा शब्द कधी मोडलेला नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पिस्टनाचा शोध सुरू झाला. मुलीसाठी स्थळ पाहताना होत नाही एवढी चौकशी त्या चार पिस्टनांसाठी झाली. गाडीतले जुने पिस्टन ओतीव होते, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले. स्वस्त, शांत, शाळेत जाण्यायेण्याला वर्षानुवर्षं टिकणारे. पण टर्बोचा दाब चढला की तडकणारे. त्याला उपाय घडीव पिस्टन, धातू दाबून-ठोकून केलेले. नागपूरच्या शर्यतवाल्या पोरांनी मनापासून सल्ला दिला की परदेशातून मागवा. त्याची किंमत ऐकून ताई म्हणाल्या, "तेवढ्यात आपल्या घराले वरचा मजला चढते." पण त्याच पोरांकडून त्यांनी निरनिराळ्या जातीचे जुने नग मागून आणले.

आणि एका रविवारी मी स्वयंपाकघरात शिरले, तर वरणाच्या गंजात पाणी खळखळत होतं आणि आत पिस्टन. ताई चिमट्याने एकेक बाहेर काढत होत्या आणि तापून कोणता किती फुगला ते केसाएवढा फरक दाखवणाऱ्या मायक्रोमीटरने मोजत होत्या.

"ताई, हा तं वरनाचा गंज हाये!" मी ओरडले.

"घाबरू नको वैनी," त्या वर न पाहता म्हणाल्या, "पिस्टन चांगले धुवूनच टाकले."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काय शिजवून राह्यली वो?"

"पिस्टन."

"मीठ पाहून टाकजो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पण त्या गंजातूनच निर्णय निघाला. घडीव पिस्टनातही दोन जाती निघाल्या. एकात सिलिकॉन कमी. तो वाटेल तेवढा मार खातो, पण तापला की फार फुगतो. त्यामुळे त्याच्याभोवती जागा जास्त सोडावी लागते आणि रोजच्या वापरात तो लवकर झिजतो. दुसऱ्यात सिलिकॉन जास्त. तो कमी फुगतो, रोजच्या धावण्याला टिकतो, आणि मारही बऱ्यापैकी सोसतो. माझा नवरा म्हणाला, "ताई, सगळ्यात मजबूत तोच घेऊन टाक ना एकडाव."

"काऊन? मले का रोज शर्यत खेळाची हाये?" ताई म्हणाल्या. "वर्षातून एक दिवस मैदान, अन् बाकीचे दिवस आंजी. मले दोन्हीकडं चालनारा पाह्यजे."

दक्षिणेतल्या एका लहान कारखान्यात असे पिस्टन मापानुसार करून मिळतात असा पत्ता लागला. घराच्या मजल्याचा प्रश्न मिटला, मोटरसायकलीच्या किमतीवर भागलं. ताईंनी त्या कारखानदाराला शाळा सुटली की रोज फोन लावला. इतके प्रश्न विचारले, इतके विचारले, की शेवटी तोच बिचारा मोडक्या हिंदीत आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करू लागला. पिस्टन आले तेव्हा ताई ते घेऊन थेट सराफाच्या दुकानात गेल्या, कारण चारही एका वजनाचे आहेत की नाहीत हे सोन्याच्या काट्याशिवाय कळणार कसं? सराफाने ते चमकते नग उलटसुलट पाहिले आणि अदबीने विचारलं, "मॅडम, पेले सुंदर हायेत, पन यात दूध प्यायचं कसं? बाजूले भोकं हायेत."

खरी लढाई पुढेच होती. पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं, म्हणजे सिलिंडर, आतून कातून नव्या पिस्टनाच्या मापाचं करायचं काम वर्ध्यातल्या बोरिंगवाल्या काकांकडे होतं. त्यांचा हात सोन्याचा, आणि मत लोखंडाचं. जन्मभर त्यांनी ओतीव पिस्टन घट्ट बसवले. कारखान्याने सांगितलेली मोकळी जागा ऐकून त्यांनी हात झटकले.

"एवढा सैल? सकाळी चालू केली का खडखड करन मॅडम. लोक म्हनतीन, काकानं काम बिघडवलं."

"थंडीत खडखड केलेला चालते काका. गरम होऊन अडकलेला नाई चालत."

"अन् फुटला तं?"

"फुटला तं माझा फुटन. तुमचं नाव नाई सांगत कोनाले."

काकांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "असं कसं? नाव तं सांगाच लागन. चांगलं झालं तरी सांगा, वाईट झालं तरी सांगा. आना इकडं ते माप." आणि त्या माणसाने ताईंच्या मापाला असं काम केलं की ताईंनाही मायक्रोमीटर खिशात ठेवावा लागला.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सासूबाई दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या, कुणाला एकही दिली नाही. अंतिम फेरीला गाड्या सुटल्या आणि धुळीत काही दिसेना. फक्त लाल ठिपका पुढे सरकत होता. गेल्या वर्षीचं ते उजवं वळण आलं तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. काका उभे राहिले. ताईंनी वेग जराही कमी केला नाही. इंजिनाने एक मोठा, भरलेला आवाज केला आणि गाडी वळण घेऊन बाहेर पडली. धूर नाही, काही नाही. पुढच्या चकरेतही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थापा मारत ओरडत होते, "धरलं! पिस्टननं धरलं!" आणि आजूबाजूच्या लोकांना वाटत होतं की कुठे चोर सापडला.

ताई दुसऱ्या आल्या. पण मला खरा अभिमान वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. शर्यत संपल्यावर सगळ्यांच्या गाड्या ट्रकवर चढत होत्या, पहिल्या आलेल्याचीसुद्धा. ताईंनी हेल्मेट काढलं, मागच्या सीटवर करंडक ठेवला, आईला पुढे बसवून पट्टा लावला आणि त्याच गाडीने घरचा रस्ता धरला. मैदानावरची ती पोरं काम सोडून बघत राहिली, मग एकाने टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. गाडी विकण्याबद्दल सासूबाई पुन्हा कधी बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "जरा हळू चालव. उद्या शाळा हाये." आणि मग डबा उघडला.

या उन्हाळ्यात ताईंची बदली झाली, आष्टीकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज येणं-जाणं जमण्यासारखं नाही, म्हणून त्यांनी तिकडेच खोली घेतली. जायच्या आधीच्या रविवारी त्या मला म्हणाल्या, "वैनी, चाल, आंजीच्या रस्त्यानं एक चक्कर मारू." गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं आहे, पण त्या दिवशी वाटेत एका बाभळीपाशी त्यांनी गाडी थांबवली, स्वतः उतरल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"मी इथं उभी राह्यतो. तू मांगून जोरात ये अन् माझ्या समोरून जाय."

"कायले ताई?"

त्या जरा लाजल्या. लाजताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी नेहमी आतच बसली असतो ना. बाहेरून कशी ऐकू येते, ते मले मालूमच नाई."

मी गाडी मागे नेली. दोन्ही बाजूंना नुकतीच नांगरलेली काळी रानं, रस्ता मोकळा. मी कधी दाबला नव्हता एवढा ॲक्सिलरेटर दाबला आणि त्यांच्या समोरून गेले. आरशात पाहिलं तर ताई डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून उभ्या होत्या, आणि लहान लहान होत चालल्या होत्या. मी वळून परत आले, काच खाली केली आणि विचारलं, "कशी वाटली?"

त्यांनी ओढणीने चष्मा पुसला. टपावर हात ठेवला, काही वेळ तसाच ठेवला.

"आनखी एकडाव जाजो वैनी," त्या म्हणाल्या.