खळ्यावरची पावलं

"वन्सं, हे उठत नाहीत हो... हलवून हलवून दमले मी." सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा आमच्या नरपडच्या वाडीत चिकू उतरवणं चाललं होतं. टोपली खाली ठेवली आणि मी ओरडलेच, "असा कसा गेला? आमचं बोलणं राहिलंय!" गडीमाणसं बघत राहिली. महिना उलटला, माझा राग काही उतरत नाही.

अण्णा, माझा थोरला भाऊ, सायवनकडच्या एका शाळेत खेळाचा मास्तर. बॅडमिंटनचं भारी वेड, पण तिथे हॉल कुठला मिळायला! भाताची झोडणी झाली की घरापुढचं सारवलेलं खळं हेच त्याचं कोर्ट, आणि चिंचणीहून आणलेलं जुनं मासळीचं जाळं हे नेट. माझी लेक मिथिला सुट्टी लागली की त्याच्याकडेच. खळ्यावर चुन्यानं पावलं काढून द्यायचा. इथे उभं राहायचं, पाय खांद्याएवढे फाकून, टाचा जरा उचलून. शटल पुढे पडलं की उजवा पाय त्या पावलावर. "पाय आधी पोचले पाहिजेत, हात काय, मागून येतोच," म्हणायचा. झेप घेतली की ती तशीच थांबून विचारायची, "मामा, गुडघा?" तो वाकून बघायचा. "बरोबर. ऊठ."

पण खळं ते खळं. सारवलेल्या जमिनीवर पाऊल जरासं सरकतं आणि सरकता सरकता आपसूक सरळ होतं. त्यानं काढलेली पावलंच जरा बाहेर वळलेली, पोरीचा पंजाही तसाच पडतोय, हे म्हणूनच कधी कळलं नाही. उलट त्याला त्या सरकण्याचंच कौतुक! पालघरच्या मॅचला हॉलमध्ये रबरी मॅट होती. जाळीजवळचं शटल उचलायला तिनं पाय टाकला, बूट पडला तिथेच चिकटला. पंजा बाहेर, गुडघा आत... तिची किंकाळी अजून कानात आहे. लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. पुन्हा खेळेल का विचारलं, तर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले.

त्यानंतर अण्णा आमच्याकडे आलाच नाही. मी सायवनला जाऊन म्हटलं, "पोर वाट बघतेय रे, चल." तर खाली मान घालून म्हणतो, "कुठल्या तोंडानं येऊ? मीच तिला चुकीचं उभं केलं."

"मग आता नीट उभं कर की! पळतोस कशाला?"

उठून गोठ्यात गेला. इकडे मिथिला कुबड्या सोडून चालायला लागली, पण रॅकेटला हात लावेना. "मामा आल्यावर," एवढंच. आणि हा शहाणा झोपेतच गेला. चुकला याचा राग नाही मला, शिकवणारा माणूस चुकणारच. आला नाही, याचा आहे.

परवा तिला घेऊन सायवनला गेले. खळ्यावर नवी पावलं होती. "दिवाळीनंतर काढलीत ह्यांनी," वहिनी म्हणाली. "पुसायचे, परत काढायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत." जिकडे झेप, तिकडेच बोटं, एकही पाऊल बाहेर वळलेलं नाही. वहिनी शेणाची बादली घेऊन सारवायला आली होती, ती तशीच थांबली.

मिथिलानं चपला काढल्या. उजवा पाय जपून त्या पावलावर टेकवला आणि वाकली. मांडी थरथरत होती. तशीच थांबून, सवयीनं, तिनं विचारलं, "मामा, गुडघा?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी वाकले, बघितलं...

"बरोबर," म्हटलं. "ऊठ."