माझा आकडा तीनशे अठरा

लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या एका बंगल्यात, चाळीस माणसांसमोर, पांढऱ्या पडद्यावर माझं दुखणं मोठ्या अक्षरांत लावलं होतं. वर माझी साखर, तीनशे अठरा. खाली मी ब्लॉगवर लिहिलेल्या चार ओळी. "आज ३१८. भात खाल्ला न्हाई. गोडाचं खाल्लं न्हाई. महिन्याचे दिवस आले की आमची शुगर अशीच चढती. हे कुनाला सांगायचं?" 'न्हाई'खाली लाल रेघ. 'कुनाला'खाली लाल रेघ. 'महिन्याचे दिवस' या शब्दांभोवती लाल गोल.

माइक मॅडमच्या हातात होता. मधुमेहावर ब्लॉग लिहिणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन ग्रुप त्यांनीच काढलेला. तळेगावातल्या निवृत्त प्राध्यापिका, बंगला त्यांच्या भावाचा. पडद्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ही भाषा आणि ही शुगर, दोन्ही कंट्रोलमध्ये आणायला हव्यात."

सगळे हसले. बायका हसल्या, पुरुषही हसले. पडद्यावर माझं नाव नव्हतं, पण तीनशे अठरा कोणाचा हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या बाईने खुर्ची जरा पलीकडे सरकवली.

मी परंदवडीची. नवव्या वर्षी मला हा आजार झाला. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज चार वेळा टोचून घ्यावं लागतं. खाण्याचा यात काही दोष नाही. पण गाव म्हणालं, पोरीनं साखर लय खाल्ली असंल. पुढे स्थळं आली तेव्हा आईने सुया पिठाच्या डब्यामागे लपवल्या. लग्न जमलं नाही ते नाहीच. तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, तिथे संडासात उभी राहून पोटात सुई घ्यायचे. एकदा सुपरवायझरने पिशवीत ती सुई पाहिली आणि सगळ्या लाइनसमोर विचारलं, "नशा करतेस काय गं?"

ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिली ती मॅडमच्या ग्रुपमध्ये. त्यांचा ब्लॉग वाचून गेले होते. मोबाइलवर, अंगठ्याने, जसं बोलते तसं लिहिलं, त्यातूनच माझाही ब्लॉग सुरू झाला. साठेक जणांनी उत्तरं दिली. लोणावळ्याच्या एका शिक्षिकेने लिहिलं की ती शाळेत मुतारीमागे जाऊन सुई घेते. मी रडले, आणि ते सांगायची मला लाज नाही. वीस वर्षं ज्या गोष्टीवर झाकण होतं ती कुणीतरी उघड्यावर बघितली आणि नाक मुरडलं नाही. तो ग्रुप माझा जीव की प्राण झाला. म्हणून तर पुढचं एवढं लागलं.

ग्रुपचा एक रिवाज होता. रोज सकाळी सातला प्रत्येकाने उपाशीपोटीची साखर नावासह लिहायची. एकशेतीसच्या आत असेल तर मॅडम हिरवा ठिपका देणार. वर असेल तर लाल. महिनाअखेरीला सगळ्यात जास्त हिरवे ठिपके ज्याचे, त्याच्या ब्लॉगचं कौतुक. शाळेत गृहपाठाला तारे द्यायचे ना, तसंच.

बाकीचे लिहायचे एकशेबारा. एकशेअठरा. एकशेनऊ. लग्नाच्या पंगती झोडून आले तरी एकशेचौदा. मी लिहायचे दोनशे दहा. सत्तर. दोनशे ऐंशी. मीटर दाखवेल ते. मला वाटायचं, मीच कुठेतरी चुकते. या शिकलेल्या माणसांना जमतं, मला जमत नाही. इन्सुलिन वाढवून बघितलं, तर लाइनवर चक्कर येऊन खोक्यांवर पडले. तरी खोटा आकडा लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आजारी माणसांच्या घोळक्यात आजार लपवायचा, हे मला सुचलंच नाही. त्या अर्थाने मी अडाणीच म्हणायची.

मग मॅडमचा फोन आला. गोड आवाजात म्हणाल्या की मोठे आकडे वाचून लोकांचा उत्साह जातो, तर मी काही दिवस नुसतं वाचावं, लिहू नये. मी दुसऱ्या दिवशी तीनशे अठरा लिहिला. ब्लॉगवर कारणही लिहिलं. बाई म्हणून जे होतं ते लिहिलं. पंधरा दिवसांनी तुंगार्लीच्या स्नेहमेळाव्याचं बोलावणं आलं. मला वाटलं राग गेला. नवीन साडी नेसून गेले.

दारातच आमच्या पिशव्या काढून घेतल्या होत्या. बाहेरचं खाणं आत आणायचं नाही, असा नियम. भिंतीवर पाटी, 'या घरात साखर नाही'. जेवण एकला मिळणार असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं, म्हणून साडेबाराला मी बाहेर पिशवीजवळ जाऊन रीतसर सुई घेतली. माझं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. ते एकदा पोटात गेलं की अन्न यावंच लागतं, त्याला भाषणं कळत नाहीत. आणि भाषण लांबलं. माझ्यावरचंच भाषण. पावणेदोन वाजले तेव्हा पडद्यावरची अक्षरं हलायला लागली, हातापायांतलं बळ गेलं, ओठ बधिर झाले.

मी उठून म्हणाले, "मॅडम, माझी शुगर उतरलीय. चमचाभर साखर द्या."

पुन्हा हशा. मॅडम माइकवरूनच म्हणाल्या, "बघितलंत? हीच ती सवय."

चाळीस मधुमेही. साखर उतरणं म्हणजे काय यावर पानंच्या पानं लिहिलेली माणसं. उतरलेली साखर उपचाराविना राहिली तर माणूस मरतो, हेही त्यांनीच लिहिलेलं. एकही उठला नाही. मी भिंत धरत बाहेर गेले, पिशव्यांच्या ढिगातून माझी पिशवी ओढली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पायरीवर बसून बोटाला सुई टोचली. चोपन्न. आणखी एक खडा खाल्ला, त्यावर दोन बिस्किटं. घामाने साडी पाठीला चिकटली होती.

थोड्या वेळाने एक गृहस्थ बाहेर आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, लोणावळ्याचे, गेल्या महिन्यातला सगळ्यात हिरवा माणूस. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका, ताई. इथे सगळेच आकडे कमी करून लिहितात. माझी आज सकाळी दोनशे साठ होती. मी एकशेअठरा लिहिली."

त्यांना वाटलं असावं की मला बरं वाटेल. मला त्यांचा इतका संताप आला की मॅडमचाही तेवढा आला नव्हता. यांचे खोटे आकडे बघून मी इन्सुलिन वाढवलं होतं. खोक्यांवर पडले होते. मी म्हणाले, "मग आत जाऊन माइकवर सांगा." ते म्हणाले, "तसं बरं दिसणार नाही." आणि चष्मा पुसत बसले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

पंधरा मिनिटांनी मी पुन्हा मोजली. ब्याण्णव. मग आत गेले. जेवणाची रांग लागत होती. मी मीटर, पट्ट्यांची डबी आणि नव्या सुयांची पुडी घेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली, सॅलडच्या ताटाशेजारी. माइक मागितला नाही. आमच्याकडे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलतात.

"लाल रेघा मारल्या त्याच बोलीत बोलते," मी म्हणाले. "पट्टी माझी, सुई दरेकाला नवी. या, बोट द्या. आत्ता सगळ्यांसमोर मोजू. माझा आकडा तुमी पडद्यावर लावला. आता तुमचाबी लावू."

एकही बोट पुढे आलं नाही. लोणावळ्याच्या त्या शिक्षिकेने मान खाली घातली. निवृत्त गृहस्थ दारातच थबकले होते, तिथूनच परत फिरले. मॅडम म्हणाल्या की मी आजारी आहे, कुणीतरी मला घरी सोडावं. मी म्हणाले, "आजारी तर आपन समदेच हाय. मी लपवत न्हाई, एवढाच फरक." सामान आवरलं आणि निघाले. स्टेशनला पोचायच्या आत मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

त्याच आठवड्यात मी माझा ग्रुप सुरू केला. ठिपके नाहीत. शाबासकी नाही. मीटर दाखवेल तो आकडा, आणि तोंडात येईल ती बोली. लिहिता येत नसेल त्याने बोलून पाठवावं. आज आम्ही तेवीस जणी आणि चार पुरुष आहोत. भांडणंही होतात. पण कुणाची साखर उतरली की बाकीचे फोनवर फोन करत राहतात, तो माणूस 'खाल्लं' म्हणेपर्यंत. शिक्षिका आली. तिने पहिलाच आकडा दोनशे चौऱ्याण्णव लिहिला. निवृत्त गृहस्थांची विनंतीही आली आहे, पण त्यांना टोपणनावाने यायचंय. मी घेतलं नाही.

परवा पवनेकडच्या एका गावातून एका आईचा आवाज आला. "पोरगी धा वर्साची हाय. मशीनवर आकडाच येईना, नुसतं इंग्रजीत 'हाय' येतंय. लोकं म्हनत्यात सांगू नगंस, उद्या लगीन जमायचं न्हाई. काय करू, ताई?" मीटरवर 'हाय', म्हणजे 'जास्त', असं येतं तेव्हा साखर मोजण्यापलीकडे गेलेली असते. मी तिला सांगितलं, आधी दवाखाना, आत्ताच्या आत्ता. पोरगी तीन दिवस तिथे होती. वाचली. लोकांचं ऐकत ती आई आणखी एक दिवस गप्प बसली असती, तर वाचली नसती.

काल मॅडमचा निरोप आला. तुंगार्लीत घडलेलं मी ब्लॉगवर लिहिलंय, ते काढून टाकावं, नाहीतर वकिलाची नोटीस पाठवतील. लिखाण काढलं तर पुढच्या मेळाव्यात ग्रामीण भागाची प्रतिनिधी म्हणून मला व्यासपीठावर बसवतील.

पाठवा नोटीस. एक ओळ काढणार नाही. उलट त्या मुलीची आई आता स्वतः लिहायला बसणार आहे, पोरीच्या नावानिशी, आणि तिच्या एकाही शब्दाखाली मी कुणाला रेघ मारू देणार नाही.