पन्हळीच्या तोंडावरची जाळी

पन्हळीच्या तोंडावर मी बसवलेली जाळी हीच खरी चूक आहे, हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळले होते. पुढची दोन वर्षे मी ते कोणाला सांगितले नाही. त्याचा त्रास दुसरीच दोन माणसे सोसत होती, आणि सप्टेंबरातल्या त्या सकाळी ती दोघे माझ्या शिडीखाली उभी राहून भांडत होती.

घर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळचे. वर घरमालकीण नागमणी अक्का राहतात. खाली त्यांचे भाडेकरू रशीदभाई यांचे टॉवेलचे माग चालतात. वरच्या मजल्याचे छप्पर पत्र्याचे आहे. छपराच्या कडेने पाणी गोळा करते ती पन्हळ, आणि ते पाणी खाली जमिनीवर आणणाऱ्या उभ्या पाइपला आम्ही ‘डाउनटेक’ म्हणतो. मी एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर आहे. ही दोन्ही कामे माझ्याच देखरेखीखाली झाली होती.

“दसऱ्याला खोली रिकामी करा म्हणलंय मी,” अक्का म्हणाल्या. “ह्यांच्या मागाचा तूस वर येतोय, माझी भिंत सडतीय.”

“अक्का, तुमच्या छपराला शिंक आली तरी माझाच तूस,” रशीदभाई म्हणाले. “माग काय पिशवीत घालून नेऊ? तुमच्या लेकीच्या लग्नात पंगतीला वाढलंय मी. आता मलाच घालवताय व्हय?”

“वाढलं म्हणून काय भिंत वाळती का?”

“साहेब, तुमीच सांगा की,” रशीदभाई वर बघत म्हणाले.

माझा हात पन्हळीत होता.

टॉवेल विणताना सुतातून जो बारीक कापूस उडतो, तो तूस. रशीदभाईंचा एक्झॉस्ट पंखा मागच्या भिंतीत, बरोबर पन्हळीखाली आहे. तूस रोज वर उडतो, पन्हळीत बसतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर डाउनटेकच्या तोंडाशी येतो. तिथे मी बारीक जाळी लावली होती. झाडाचा पाला अडावा, एवढाच तिचा हेतू. त्या भागात मात्र पाला फार नाही, तूसच आहे. जाळीवर त्याचा घोंगडीसारखा जाड थर बसला होता. पाइपचे तोंड बंद, पन्हळ काठोकाठ भरलेली, आणि जास्तीचे पाणी मागच्या भिंतीत. त्याच भिंतीला टेकून रशीदभाईंची बीम ठेवलेली असत. बीम म्हणजे ताण्याचे, उभ्या धाग्यांचे सूत गुंडाळलेला मोठा रूळ. त्यातले एक आदल्या आठवड्यात भिजले होते.

पहिल्या तक्रारीच्या वेळी मी हे सगळे पाहिले होते. तेव्हा मी अक्कांना म्हणालो, “साफसफाई होत नाही.” रशीदभाईंना म्हणालो, “तुमचा तूस फार आहे.” दोन्ही वाक्ये खोटी नव्हती, म्हणूनच ती इतकी उपयोगी पडली. जाळीची कल्पना माझी होती आणि मीटिंगमध्ये तिचे कौतुक झाले होते. ती त्या भागातल्या आणखी बऱ्याच घरांवर बसली होती.

शिडीवरूनच मी आमच्या मालकांना, म्हणजे कंत्राटदारांना, फोन केला.

“जाळी काढतोय, साहेब. पाइपही बदलावा लागेल.”

“अहो, मग बाकीच्या घरातले विचारतील ना?”

“विचारू देत.”

ते म्हणाले, “करा.”

आमचा प्लंबर पाइप घेऊन आला. जाळी काढली. चार इंची पाइपच्या जागी सहा इंची घातला, आणि मधला बेंड काढून तो सरळ खाली उतरवला, म्हणजे तूस अडकायला वळण राहत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी तपासली. पन्हळीचा उतारही कमी निघाला, तो वाढवला. शेवटी पाइपच्या पायाशी जाळीची टोपली ठेवली. जाळी आता तिथे होती, जिथे खाली वाकले की माणसाचा हात पोहोचतो. ती तुंबलीच, तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीत जाणार नाही. जाळी कुठे लावावी, एवढे शिकायला मला तीन पावसाळे लागले.

संध्याकाळी परतीचा पाऊस आला आणि चांगलाच कोसळला. आम्ही तिघे मागाच्या खोलीत उभे होतो. बाहेर पाइप घुमू लागला. खाली टोपलीत तुसाचा गोळा येऊन पडला आणि पाणी बाजूने वाहून गेले. रशीदभाईंनी भिंतीवर तळहात ठेवला, थोडा वर सरकवला, मग खाली.

“जुनी ओल हाय, पण नवं पाणी न्हाई, अक्का.”

अक्कांनी स्वतः हात लावून पाहिला. मग कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “दसऱ्याचं म्हणलं होतं ते सोडा. ऱ्हावा हितंच.”

“टोपली मी रोज काढतो,” रशीदभाई म्हणाले.

“काढाच. तूस तुमचाच हाय.”

दोघेही हसले. इतक्या दिवसांनी मला त्या घरात हसणे ऐकू आले. मग अक्का माझ्याकडे वळल्या. “साहेब होते म्हणून झालं. लई उपकार झाले बघा.”

ते कौतुक तसेच घेऊन मी घरी जाऊ शकलो असतो. पाऊस पडत होता, माग बंद होते, माझा आवाज दोघांनाही ऐकू जाणार होता.

“उपकार म्हणू नका, अक्का,” मी म्हणालो. “चूक त्या जाळीची होती, आणि जाळी माझी होती. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी गप्प राहिलो आणि तुम्हा दोघांना एकमेकांशी भांडू दिलं. रशीदभाई, तुमचं बीम माझ्यामुळे भिजलं. मला माफ करा.”