मापाला उभा राहणारा माणूस

लातूरला भूकंपानंतर बांधलेल्या सभागृहात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनी शिवलेल्या कपड्यांचा कार्यक्रम होता. मी बातमीसाठी गेलो होतो. शेजारी उदगीरचे एक किराणा दुकानदार बसले होते; कपाळावर भस्म, पोट सुटलेलं. मंचावर हिरवा घागरा आला तसे ते माझ्याकडे वळले.

"ह्यो माझ्या पोरीचा. घरी पुतळा न्हाई, म्हणून माझ्याच अंगावर बेतला. टाचण्या लई टोचल्या. शेजारीण हसायली, मी आपला उभा. तुमची पोरगी काय करायली, साहेब?"

"इथंच मेडिकलच्या क्लासला आहे."

"नशीब लागतंय त्याला," ते मनापासून म्हणाले.

माझी मुलगी दोन गल्ल्या पलीकडच्या वसतिगृहात होती. रविवारी फाटकापाशी अर्धा तास भेट मिळे, त्यातही तिचं लक्ष घड्याळाकडे असे. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याला टोचलेल्या टाचण्यांचासुद्धा.

कार्यक्रम संपल्यावर त्यांची मुलगी गळ्यात टेप अडकवून आली. ती जवळ येताच त्यांनी सवयीनं दोन्ही हात अंगापासून दूर धरले.

"अप्पा, झालं की आता माप," ती हसली.

तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. मी दुसरीकडे बघितलं.