हव म्हणजे ऐकलं

रायपूरच्या बूढापाऱ्यात माझ्या समोरच्या घरी कौमुदी राहते. यवतमाळची पोट्टी. लग्न होऊन रायपूरले आली तेव्हा इथला पहिला शब्द शिकली तो ‘हव’. हव म्हणजे हो. सासू म्हणे पाणी भर, ही म्हणे हव, आणि भरे. एवढ्या एका शब्दावर तिनं सारा संसार केला. नवरा गेल्यावर साडीच्या दुकानात बिलं करायले लागली, तिथंही तेच.

मागं भनपुरीच्या एका डाळीच्या गोदामात तिच्या नोकरीचं बोलणं झालं. मालक सुशील भैया. हिनं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, “भैया, साडीचं दुकान सोडून एक तारखेपासून येऊ ना?” तिकडून आलं, “हव.” हिनं दुकान सोडलं. तिच्या खुर्चीवर तिथं दुसरी बसलीसुद्धा.

एक तारखेले ही डबा घेऊन गोदामात गेली, तर सुशील भैया म्हणे, “अरे दीदी, हव मतलब सुन लिया. रख लिया कहाँ बोला?”

आम्ही दोघी माझ्या भाच्याकडे गेलो. शेखर वकील आहे.

“मेसेजवरही करार होते, मावशी,” तो म्हणाला. “फक्त दोघांनी शब्दाचा एकच अर्थ धरला पाहिजे. ते सिद्ध करावं लागेल.”

“रायपुरात राहून हव सिद्ध करा लागते?” मी म्हटलं.

“हव,” शेखर म्हणाला.

यानं ऐकलं की कबूल केलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कौमुदी पुन्हा डबा घेऊन निघाली. मीही गेले, मले घरी रिकामं बसवत नाही. आम्ही गोदामाच्या दारात पोचतो तोच हमालांनी आवाज दिला, “भैया, गाड़ी लोड कर दें?”

“हव,” आतून उत्तर आलं.

कौमुदी हमालांकडे वळली. “रुको. भैया ने सिर्फ सुना है. करने को नहीं बोला.”

हमाल पोत्यांवर बसले. अशा बाबतीत ते फार नियमानं वागतात. ड्रायव्हर चहा प्यायले गेला.

घटकाभरानं सुशील भैया बाहेर आला. “लोड क्यों नहीं हुआ? हव बोला था ना मैंने!”

कौमुदीनं मोबाईल काढून त्याचा मेसेज त्याच्यासमोर धरला.

त्यानं वाचला. हमालांकडे पाहिलं. मग म्हणाला, “ठीक है दीदी, आज से बैठ जाओ. और इनको बोलो, गाड़ी भरें.”

“हव,” कौमुदी म्हणाली, आणि जागची हलली नाही.

“हव मतलब?” त्यानं घाईनं विचारलं.

“ते तुम्हीच लिहून पाठवा, भैया.”

तो उभ्या उभ्या टाइप करत राहिला. तिचा फोन वाजला. कौमुदीनं चष्मा लावून सावकाश वाचलं, आणि मग आत जाऊन डबा टेबलावर ठेवला.